ऑर्विनची खोपटी

माणसाने माणसाच्या उपयोगी पडावं, याहून मोठा धर्म नाही. चर्चच्या मदत समितीचा अध्यक्ष म्हणून हे मी दरवर्षी सगळ्यांसमोर उभं राहून सांगतो. यंदा सांगितलं नाही, कारण पहिल्याच बाकावर ऑर्विन टॉलेफसन बसले होते आणि त्यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती.

आमच्या मिनेसोटातल्या गावाची रीत अशी, की इथे कुणी सरळ ‘हो’ म्हणत नाही. कॉफी घेणार का विचारलं की पाहुणा म्हणतो, नको. पुन्हा विचारलं की, उगाच कशाला त्रास. तिसऱ्यांदा विचारलं की, केलेलीच असेल तर अर्धा कप चालेल. आणि मग तो किटली रिकामी करून जातो. थोडक्यात, ‘नको’ हा आमच्याकडे नकार नसून बोलण्याची सुरुवात असते.

ऑर्विनची बायको अ‍ॅल्मा गेल्या पानगळीत वारली, आणि अख्खं गाव मदतीला तुटून पडलं. घरोघरच्या बायकांनी नूडल्स, खिमा आणि आळंबीचं सूप घालून भाजलेली खाद्यं ट्रे भरभरून पोचवली. ऑर्विन ‘नको’ म्हणाले, म्हणून आणखी पोचवली. फ्रीजर भरला, तेव्हा व्हरांड्यात रचली. जानेवारीत आमचा व्हरांडा कुठल्याही फ्रीजरच्या तोंडात मारतो. दारातला बर्फ ते स्वतः उपसू लागले, तर आम्ही त्यांचं फावडं जप्त केलं, त्यांच्याच भल्यासाठी. त्यांना एकटं वाटू नये म्हणून रोज कुणी ना कुणी जाऊन बसायचं आणि बोलायचं. मी स्वतः त्यांना माझ्या पाठीच्या ऑपरेशनची पूर्ण हकिगत सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

फेब्रुवारी संपत आला, तशी मला त्यांची खोपटी आठवली. तळं गोठलं की आमच्याकडे जो तो बर्फावर प्लायवूडची खोली नेऊन ठेवतो. आत शेगडी, जमिनीला भोक, भोकाखाली बर्फात भोक, त्यात गळ. वितळायच्या आत ती खोली ओढून काठावर आणावी लागते. या वयात ऑर्विन ती कशी ओढणार?

“आम्ही आणतो ओढून, उद्याच,” मी म्हणालो.

“नको, गॉर्डन.”

“त्यात काय एवढं!”

“नको. उद्या हंगामाचा शेवटचा दिवस. तो दिवस मी आणि अ‍ॅल्मा तिथे घालवायचो. अ‍ॅल्मा गेल्यापासून मला एक तास कुणी गप्प बसू दिलेलं नाही. उद्या मला तिथे बसायचंय. एकट्याला.”

मी समजूतदारपणे डोळा मारला आणि घरी आलो. ऑर्विननी इतकं जीव तोडून नको म्हटलंय, की ही मदत त्यांना फारच हवी असणार, असं मी बायकोला सांगितलं.

“तू त्यांचं नीट ऐकलंस ना?” डार्लीनने विचारलं.

“शब्दन् शब्द,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी आणि शेजारचा व्हर्लिन पिकअप घेऊन तळ्यावर उतरलो. खोपटीचे पाय बर्फात रुतले होते. आम्ही ते पहारीने मोकळे केले, साखळी बांधली. तेवढ्यात आतून धपधप आवाज आला. सामान हललं असेल, मी म्हणालो. मग आतून स्पष्ट ऐकू आलं, “नको! अरे, नको!”

“हे ऑर्विनच,” व्हर्लिन म्हणाला.

इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण जन्माची सवय! मी खोपटीकडे तोंड करून ओरडलो, “संकोच करू नका!” आणि व्हर्लिनला हात केला.

खोपटी निघाली. बर्फातलं भोक अर्थातच जागच्या जागी राहिलं. खोपटीखालून गळाची दोरी ताणली जात होती, वीणेच्या तारेसारखी. “मोठा लागलाय!” मी आनंदाने उडी मारली. दोरी तटकन तुटली. दार उघडलं. दारात ऑर्विन, हातात गळाची काठी, डोक्यावर शेगडीवरची उपडी झालेली किटली.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

“ओढून आण परत. आणि मग, गॉर्डन, बस. बोलू नकोस.”

आम्ही खोपटी भोकावर परत नेली. व्हर्लिनला काहीतरी काम आठवलं. मी उपड्या बादलीवर बसलो. त्यांनी नवी दोरी सोडली. किटली पुन्हा शेगडीवर ठेवली. मग ते अ‍ॅल्माबद्दल बोलू लागले: ती इथे विणत बसायची, टाके चुकले की तळ्याला शिव्या द्यायची. दोनदा मला उत्तम सल्ला सुचला. दोन्ही वेळा मी मफलर दातात धरला. बोलता बोलता ते हसले. त्या हिवाळ्यात त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि माझा जीव एकदम हलका झाला.

अंधारू लागलं, तसा त्यांनी गळ वर ओढला. गळ कोरा होता.

“आमिष पळवलं वाटतं,” मी हळूच म्हणालो.

“आमिष लावत नाही मी. चुकून लागला तर तो खावा लागेल. मला मासा आवडत नाही.”

दर नाताळला त्यांच्या घरी एक मोठा मासा मी स्वतः पोचवतो. माझं लग्न झाल्यापासून.