सबनीस काका आणि अठरा डिग्री

आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुट्टीच्या दिवशी सगळे गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवतात. सबनीस काका समुद्राचं तापमान पाठवतात.

'क्लॅक्टन : सोळा पॉइंट दोन. काठावर बसावे.'

'बोर्नमथ : सतरा पॉइंट एक. आशा आहे.'

'साउथएंड : सोळा पॉइंट आठ, पण चिखल. विचारू नये.'

बस. नमस्कार नाही, फोटो नाही. आम्ही राहतो इंग्लंडच्या मधोमध, मिल्टन कीन्सला. इथे रस्त्यावरची गोल राउंडअबाउट हवी तेवढी आहेत, पण समुद्र नाही. कुठल्याही दिशेला दोन तास गाडी हाकल्याशिवाय खारं पाणी दिसत नाही. काका मात्र जून ते सप्टेंबर दर शनिवारी निघायचे, दोरीला बांधलेला थर्मामीटर घेऊन. बरं, स्वतः पोहायचे म्हणावं, तर त्यांना पोहता येत नाही! ऑगस्टमध्येही स्वेटर, रबरी वेलीज बूट आणि कानटोपी घालून गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, मिनिटभर घड्याळाकडे बघायचे, आकडा लिहायचे आणि घरी.

काका निवृत्त भूलतज्ज्ञ. तीस-पस्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत लोकांना झोपवलं. बोलणं अजून तसंच. मंडळाच्या मीटिंगमध्ये कोणी आवाज चढवला की म्हणायचे, "शांत. दहापासून उलटे आकडे मोज." मी एकदा म्हटलं, "काका, तापमान वेबसाइटवर मिळतं की."

"पेशंटला हात न लावता ताप सांगणारा डॉक्टर तुला चालेल?"

एका बीचवर लाइफगार्डने फळ्यावर 'सतरा' लिहिलं होतं. काकांनी त्याला पॉइंट किती ते विचारलं. तो म्हणाला, साधारण सतरा. "साधारण भूल दिली तर पेशंट साधारण जागा होतो," काका त्याला इंग्रजीत म्हणाले. पाण्यातून लालेलाल होऊन आलेली एक गोरी आजी त्यांना म्हणाली, "लव्हली वन्स यू आर इन!" काका म्हणाले, "आयसीयूबद्दलही असंच म्हणतात."

हे किस्से मी पार्ट्यांमध्ये साभिनय सांगायचो. कानटोपी घालून काकांची नक्कल करायचो. लोक पोट धरून हसायचे. काकूंना स्ट्रोक येऊन गेलाय, डावी बाजू कमजोर झालीय, त्या काठी घेऊन चालतात, हे सगळं मला माहीत होतं. पण त्या काठीचा आणि ह्या थर्मामीटरचा काही संबंध असेल, असं मनातही आलं नाही. विचारावंसंही वाटलं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये बँक हॉलिडेच्या लांब वीकेंडला, शनिवारी, आम्ही डेव्हनच्या समुद्रकिनारी निघालो. आदल्या संध्याकाळी काका दारात. हातात जास्तीचा थर्मामीटर.

"निखिल, एवढं रीडिंग घेशील? गुडघाभर पाणी, एक मिनिट, आणि वाचताना बाहेर काढायचा नाही. तिथे ह्या आठवड्यात चढेल असं वाटतंय."

"घेतो की काका."

नाही घेतलं. थर्मामीटर गाडीत राहिला, गाडी टेकडीवरच्या कार पार्कमध्ये, आणि मी खाली वाळूत चिप्स खात पडलो होतो. दुपारी काकांचा मेसेज आला, 'रीडिंग?' परत वर चढायचा कंटाळा. पाण्याला पाय लावायचाही कंटाळा. म्हटलं, म्हातारा खूश होईल असा आकडा देऊ. नुसतं अठरा लिहिलं तर थाप वाटेल, म्हणून लिहिलं, 'अठरा पॉइंट सहा'.

त्या 'पॉइंट सहा'ची मला आजही सर्वांत जास्त लाज वाटते.

सोमवारी थर्मामीटर परत करायला गेलो. दार काकूंनी उघडलं. चेहरा नुसता फुललेला.

"अरे ये, ये! तुझा आकडा आला आणि हे म्हणाले, कुमुद, उद्या पहाटे निघू. दोन वर्षांनी निघालो रे!"

मी उंबऱ्यातच थबकलो. काकू सांगत राहिल्या. त्या मूळच्या देवगडच्या, लहानपणी खाडीत डुंबणाऱ्या. स्ट्रोकनंतर फिजिओने स्विमिंग पूल सुचवला, पण तिथे त्यांचा जीव गुदमरायचा. समुद्रात शरीर हलकं होतं, डावा पायही आपला वाटतो, म्हणून त्यांना समुद्रच हवा होता. काकांची अट एकच : अठराच्या खाली नाही. गार पाण्याने प्रेशर चढलं तर? म्हणून दोन उन्हाळे काका ह्या देशाच्या काठाकाठाने अठरा डिग्री शोधत होते.

"कॉश्च्यूम घरूनच घातला होता, पंजाबी ड्रेसच्या आत. पाच तास ट्रॅफिकमध्ये! आणि तिथे ह्यांनी मोजलं तर पंधरा पॉइंट आठ."

"मग?" मी विचारलं.

"हे म्हणाले, परत फिरू. मी म्हटलं, पाय तरी बुडवते. तर ह्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं आणि आत आले माझ्याबरोबर. पोहता येत नाही माणसाला! एक लाट आली आणि आम्ही दोघं बदकन खाली बसलो." त्या हसता हसता खुर्चीत टेकल्या. "सहा मिनिटं होते मी. आता ह्यांना सर्दी. आणि चूक ह्यांचीच. तुला दिलेला थर्मामीटर बिघडलेला होता, कबूल केलं गाडीत." मग त्या खायला काहीतरी आणायला आत गेल्या.

काका शाल पांघरून सोफ्यावर होते. नाक लाल. मी थर्मामीटर टीपॉयवर ठेवला.

"काका, हा बिघडलेला नाहीये. मी मोजलंच नव्हतं. मनाने लिहिलं."

"माहीत आहे."

"कसं?"

"एका रात्रीत समुद्र जवळजवळ तीन डिग्री उतरत नाही, निखिल."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "काकूंना मी सांगतो. आत्ता सांगतो. काही झालं असतं तर..."

"झालं असतं," ते म्हणाले. "परत असं करू नकोस." मग स्वयंपाकघराकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "पण तिला सांगू नकोस. मुलगा सिडनीला, मुलगी टोरांटोला. फोन येतात. पण आपल्यासाठी कोणी मुद्दाम गार पाण्यात उतरलं, ह्याचं तिला इतकं कौतुक वाटतंय. कालपासून तीन जणांना फोन करून सांगितलंय. राहू दे तेवढं."

काकू एका हाताने बशी सांभाळत, काठी न घेता, भिंतीला टेकत टेकत आल्या. बशीत गरम थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. काकांनी हात पुढे केला, तर त्यांनी बशी माझ्याकडे वळवली.

"आधी ह्याला. आमच्यासाठी उतरला बिचारा त्या पाण्यात. फार गार होतं का रे?"

काका थर्मामीटरची दोरी गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हो काकू," मी म्हटलं, "बरंच गार होतं."

आणि मी ते थालीपीठ खाल्लं.