निवृत्त नवऱ्याचा शिक्का

लग्नाचा व्हिसा सोडून निवृत्तीचा व्हिसा घ्यायचं मी ठरवलं ते निव्वळ आळसापोटी. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर आमच्या गावात यामागचे जे पाच-सहा हेतू चर्चेत आले, त्यांतला एकही माझ्या डोक्यात नव्हता. (माझ्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते, आणि ती बहुधा जेवणाची असते.)

मी इंग्लंडमधल्या एका लहानशा गावी पाणीखात्यात मीटरचे आकडे टिपायचो. तिथून निवृत्त झालो आणि थायलंडच्या ईशान्य टोकाला, मेकाँग नदीपासून अर्ध्या तासावर असलेल्या विलाईच्या गावी येऊन तिच्याशी लग्न केलं. राहतो तिच्या आईच्या घरात. थोडक्यात, घरजावई. इकडे बरेचसे जावई असेच असतात, त्यामुळे लाज वाटायचं कारण नाही; फक्त कामं करावी लागतात. भांडी, कोंबड्या, पाण्याचा पंप आणि सासूबाईंना दवाखान्यात नेणं, ही माझी खाती.

बायकोच्या नावावर या देशात राहायचं, तर दर मार्चमध्ये सरकारला आपलं लग्न नव्याने पटवून द्यावं लागतं. घराच्या नंबराच्या पाटीखाली दोघांचा फोटो, बैठकीच्या खोलीत फोटो आणि पलंगावर बसून एक फोटो. पलंगाच्या फोटोसाठी विलाई नवी चादर काढते, केस सेट करून आणते. फोटो काढायला शेजारचा बुनथाम येतो आणि "अहो काका, जवळ सरका की जरा, लग्न झालंय तुमचं!" असं इतक्या मोठ्याने ओरडतो की रस्त्याने जाणारी चार माणसं आत येऊन उभी राहतात. मग घरापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढायचा. (गावात रस्ता एकच आहे. तरी दोन वर्षांपूर्वी मी तो उलटा काढला होता.) साक्षीदार म्हणून पुन्हा बुनथाम. असे सगळे मिळून शहरातल्या इमिग्रेशन ऑफिसात जायचं. खिडकीपलीकडची अधिकारीबाई विलाईला विचारते, "हे तुमचे यजमान? एकत्र राहता ना?" विलाई "हो" म्हणते. मग महिन्याभराने पुन्हा एक खेप.

निवृत्तीच्या व्हिसाला यातलं काही लागत नाही. वय पन्नाशीच्या पुढे आणि बँकेत दुप्पट शिल्लक, बस्स. यंदा पेन्शनची थकलेली रक्कम एकदम आली होती, म्हणून मी जेवताना विषय काढला.

"यंदा मी निवृत्तीवर राहीन म्हणतो."

"कशातून निवृत्ती?" विलाईने विचारलं.

"पाणीखात्यातून."

"त्याला तर अकरा वर्षं झाली."

"कागदावर गं. म्हणजे फोटो नकोत, बुनथाम नको. मी एकटाच जाऊन तासाभरात परत."

"मी पण नको?"

"अजिबात नको!" मी म्हणालो. केवढी सोय करतोय मी हिची, असं मला वाटत होतं.

विलाईने चिकट भाताची टोपली माझ्यापुढून उचलली आणि झाकण लावून ठेवून दिली. मी अजून जेवत होतो.

काम खरोखरच तासाभरात झालं. घरी येऊन मी पासपोर्ट उघडला, तर शिक्क्यापाशी लिहिलेलं होतं: काम करण्यास मनाई. हे नोकरीधंद्याबद्दल असतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण मोरीत भांड्यांचा ढीग पडला होता आणि मला विनोद सुचला. (मला विनोद सुचला की आमच्या घरात काहीतरी वाईट घडतं, असा नऊ वर्षांचा अनुभव आहे.)

"हे बघा," मी पासपोर्ट उंच धरून म्हणालो, "सरकारी हुकूम! मला काम करायला बंदी आहे. माझा नाइलाज आहे."

कोणी हसलं नाही. विलाईने पासपोर्ट हातात घेतला आणि लॉटरीचं तिकीट तपासावं तसा तो दोनदा वाचला.

"आई," ती म्हणाली, "ह्याला आजपासून काही काम सांगायचं नाही. सरकारचा हुकूम आहे."

"बरं," एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई म्हणाल्या आणि पदर खोचावा तसा सारोंग खोचून भांडी घासायला बसल्या.

पहिले चार दिवस मी स्वर्गात होतो. पाचव्या दिवशी सकाळी गावच्या पाटलांचा भोंगा वाजला. आमचे पाटील थोंगसुक रोज सकाळी भोंग्यावरून गावाला बातम्या सांगतात. डासांचं औषध कधी फवारणार ते सांगून झालं, मग माझं नाव घेऊन म्हणाले, "विलाईबाईंच्या घरच्या डेसकाकांना सरकारने काम करायला मनाई केलेली आहे. तरी कोणीही त्यांच्याकडे पंप दुरुस्तीला आणू नये. गाव अडचणीत येईल."

"पाटलांना कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"मी," विलाई म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

त्यानंतर घरात माझ्या हाताला काही लागेना. कोंबड्यांपाशी गेलो, तर दाण्याचा डबा कुलपात. सासूबाई दवाखान्यात बुनथामच्या मोटरसायकलीला जोडलेल्या गाड्यात बसून गेल्या. जाताना मला हात करून म्हणाल्या, "तू आराम कर हो, जावईबापू." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

पण खरा हिसका बसला तो बुनथामच्या मुलाच्या दीक्षेच्या दिवशी. पोरगा भिक्षू होणार म्हणून सगळं गाव त्याच्या अंगणात लोटलं होतं. अशा वेळी पुरुष मंडळी गोल बसून दोन-दोन सुऱ्यांनी मांस बारीक चिरतात आणि गावातल्या यच्चयावत माणसांची उणीदुणी काढतात. त्या गोलात मला जागा मिळायला तीन वर्षं लागली होती. मी नेहमीच्या जागी बसलो आणि सुरे उचलले.

"काका, ठेवा खाली!" बुनथाम धावत आला. "आज पोलीसपाहुणे यायचेत जेवायला. पोराच्या दीक्षेला मला चौकीत बसवता का?"

"अरे, हे काम नव्हे, हे आपलं..."

"मांस चिरणं काम नाही? मग आम्ही काय पहाटेपासून गंमत करतोय?"

गोलात हशा पिकला. दोघांनी मला आदराने दंडाला धरून उठवलं आणि मांडवात पुढे, पंख्यासमोर, बँकेचे मॅनेजर आणि हेडमास्तर यांच्या शेजारी लाल खुर्चीवर नेऊन बसवलं. एकीने थंड सरबत आणून दिलं. नऊ वर्षांपूर्वी या गावात पहिल्यांदा आलो तेव्हा मला असंच, असल्याच खुर्चीवर बसवलं होतं. नऊ वर्षं खपून मी पाहुण्याचा घरचा झालो होतो, आणि आता एका शिक्क्यासरशी परत पाहुणा. मला तिथे बसल्या बसल्या रडू आलं. मॅनेजरसाहेबांना वाटलं, मिरची लागली.

दुसऱ्या दिवशी मी इमिग्रेशन ऑफिस गाठलं.

"मला परत लग्नावर यायचंय," मी खिडकीत म्हणालो.

अधिकारीबाईंनी पासपोर्ट चाळला. "तुमची मुदत पुढच्या मार्चपर्यंत आहे. अर्ज मुदत संपायच्या महिनाभर आधी घेतो आम्ही. तोवर आराम करा."

"आरामच नकोय हो मला."

"आणि बाई कुठायत तुमच्या? दरवर्षी येतात ना निळा ब्लाउज घालून? यंदा दिसल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?"

बऱ्या आहेत, असं मी म्हणालो, आणि परतीच्या बसमध्ये मला पहिल्यांदाच शंका आली की त्या बऱ्या नसाव्यात.

घरी आलो, तर विलाई मोरीपाशी कढई घासत होती. मी शेजारी उकिडवा बसलो.

"विलाई, तो शिक्का नोकरीसाठी असतो. घरकामाला नाही."

"माहितीये मला. आमच्याकडे पण शाळा आहेत."

"मग हे सगळं कशाला?"

तिने कढई खाली ठेवली. "नऊ वर्षं झाली. वर्षातून एकदा सरकारचा माणूस चारचौघांत मला विचारतो, हा तुझा नवरा का. मी छान कपडे घालून जाते आणि हो म्हणते. बाकी वर्षभर कोण विचारतं मला? तू तर कधीच नाही. यंदा कोणी विचारलंच नाही. आणि वर तू खुशीत म्हणालास, अजिबात नको."

एवढ्या वर्षांत मी दर मार्चमध्ये फक्त कागद मोजत होतो. गाढवपणाला माझ्याकडे कधीच तोटा नव्हता, पण ह्या खेपेला मला स्वतःची खरोखर लाज वाटली. मी तसं तिला सांगितलं. चक्क माफी मागितली. मग कढई तिच्या हातून ओढून घेतली. तिने ओढू दिली, एवढ्यावरच माझा जीव भांड्यात पडला.

"पुढच्या मार्चला लग्नाचाच व्हिसा," मी घासता घासता जाहीर केलं. "नवी चादर, पलंगावरचा फोटो, बुनथाम, सगळं. आणि ती बाई तुला चारचौघांत विचारेल, हे तुमचे यजमान का म्हणून."

"विचारू दे की," विलाई उठून हात पुसत म्हणाली. "ह्या वेळी मी जरा विचार करून सांगीन."

आणि आत जाता जाता तिने वाकून कढईच्या बुडाकडे बघितलं. मी ती पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतली.