बाबुसोचं नाक

बाबुसो गिरणवाल्याच्या हाती काही नवं लागलं की तो ते आधी दुसऱ्याच्या नाकाखाली धरतो. साबणाची वडी, कुणाच्या घरचं लोणचं, एकदा तर एका गिऱ्हाइकिणीच्या बाळाचं टोपडं. "वास कसो?" विचारतो आणि उत्तर मन लावून ऐकतो. नुसतं "बरो" म्हटलेलं चालत नाही. बरो म्हणजे कसा? गोड? ओला? टोपड्याला दुधाचा वास आहे म्हणून त्या बाईने सांगितलं, तर ताज्या दुधाचा की तापवलेल्या, हे त्याला हवं होतं.

डिचोलीच्या बाजारात त्याची मसाल्याची गिरण आणि माझं सुक्या मिरचीचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. सर्वण गावातून डोक्यावरून मिरच्या आणून, रस्त्यावर बसून विकत विकत मी हे दुकान उभं केलं. बायका माझ्याकडे मिरची घेतात आणि त्याच्याकडे दळतात. त्याचं यंत्र थांबलं की माझा काटा थांबतो.

मिरचीची पूड वर्षानुवर्षं आत जाऊन बाबुसोचं नाक कायमचं चोंदलेलं. सकाळी पट्टा फिरला की शिंका सुरू. दुपारी शिंका थांबतात, कारण तोवर नाक पार बंद होतं आणि कपाळ ठणकू लागतं. तोंडाला पंचा बांध म्हटलं तर पंच्यातून शिंकतो. कुणी तब्येत विचारली तर एकच उत्तर: "नाक बंद, गिरण चालू."

डॉक्टरने सांगितलं की पुडीने नाकाच्या आतलं अस्तर सुजतं, कपाळामागच्या पोकळ्याही भरतात. हे गिरणीमुळेच आहे का, ते पाहायचं तर थोडे दिवस तिच्यापासून लांब राहा, नाक आपणच सांगेल. हे खरं असेल का, असं बाबुसोने मला विचारलं. डॉक्टरला मिरची विकायची नसते, एवढंच मी म्हणालो.

एप्रिलात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, मिरची दळायला रांग लागते. नेमकी तेव्हाच सुरंगी फुलते. बाबुसो रोज संध्याकाळी बायकोसाठी, आमच्या सुमनवयनीसाठी, सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, घेऊन जातो. गेल्या वर्षी फुलवालीने त्याच्या गळ्यात कुजलेला वळेसर मारला. त्याला पत्ता नाही. वयनीने तो निमूट माळला आणि तशीच जत्रेला गेली. बायका तिच्यापासून बाजूला सरकत होत्या. दुसऱ्या दिवशी दळण देता देता एकीने ही गंमत बाबुसोलाच ऐकवली. रांगेतले सगळे हसले. लोकांच्या नाकाखाली वस्तू धरणं सुरू झालं ते त्यानंतर.

आणि या एप्रिलात, ऐन हंगामात, हा गृहस्थ गिरणीला कुलूप घालून नार्व्याला वयनीच्या माहेरी जाऊन बसला. मला एका शब्दाने विचारलं नाही. गिऱ्हाइकं म्हापशाला गेली. तिथे दळतात तर मिरचीही तिथेच घेतात. मी आठवडाभर माशा मारल्या आणि मग स्कूटर काढली. काय काय सुनवायचं ते वाटेत मोठ्याने म्हणून पाहिलं.

बाबुसो अंगणात, घराकडे पाठ करून, डोळे मिटून बसला होता. मी तोंड उघडलं तसा मला गप्प करायला त्याने हात वर केला. "शेटी, वगी राव."

इतक्यात वयनी मागच्या परड्यातून येऊन उंबऱ्यावर थांबली. तिने मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. रोज सकाळी ती अशी येई, कधी कापूर घेऊन, कधी चिरलेला कांदा, आणि वास न आल्याने तो नुसती नकारार्थी मान हलवी, हे मला मागाहून कळलं. आज तिचे हात रिकामे होते.

"सुरंगां," बाबुसो म्हणाला. मग थोडं थांबून, "तुवें माळल्यांत."

वयनीचा हात केसांकडे गेला.

तो अजून डोळे मिटूनच होता. "तेन्ना कित्याक माळलो गे? कुसलेलो?"

"तुमी हाडिल्लो मगे," तुम्ही आणलेला ना, एवढंच म्हणून ती आत गेली.

मग बाबुसोने डोळे उघडले. "आनी शेटी, तुज्या आंगाक मिरसांगेचो वास येता. मातसो पयस बस."

मी लांब सरकलो. तर आपणहून म्हणाला, "फाल्यां गिरण उगडटां."

उद्याच गिरण उघडावी, मी त्याचसाठी आलो होतो. हवा तो भाव समोरून मिळाला की मी गप्प बसतो, हा माझा धंद्यातला नियम. पण तोंडातून निघून गेलं, "फाल्यां कित्याक?" सुरंगी संपू दे, म्हटलं. तो म्हणाला, गिऱ्हाइकं जातील. मी म्हणालो, माझी जातील, तुला काय. वयनीने चहा आणला तरी आमची घासाघीस चालूच. शेवटी सोमवारवर ठरलं. मिरची दळायला माणूस ठेवायचा आणि बाबुसोने दाराबाहेर बसायचं, हे मी वरून घालून घेतलं.

परत आलो तर कुलूपबंद गिरणीसमोर एक बाई पिशवी घेऊन उभी. गिरण का बंद, म्हणून माझ्यावरच डाफरली. माझं जे नुकसान झालं ते मी विसरलेलो नाही, बाबुसोलाही विसरू देणार नाही. पण तिला म्हटलं, "गिरण बंद, नाक चालू."

तिने माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. सोमवारी या म्हणून सांगितलं.