उमाटेसरांची तळटीप

माझ्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका उमाटेसरांनी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवली. 'शुभविवाह'खाली रेघ आणि समासात शेरा: 'शुभ कशावरून? आधार द्यावा.'

वर्धेतल्या आमच्या इतिहास मंडळाचं त्रैमासिक ते एकहाती चालवत. सत्तरच्या दशकात ते वर्षातून दोनदा निघालं, तरी आम्ही ते वर्ष भरभराटीचं मानायचो. प्रत्येक लेख, लेखकाचं नाव झाकून, दोन परीक्षकांकडे जायचा. गावात इतिहास कळणारी माणसं चार, आणि चौघंही एकमेकांचं हस्ताक्षर ओळखणारी. तरी नाव झाकलेलंच पाहिजे. एखाद्याने लेख दाबून ठेवला की सर सायकलने त्याच्या घरी जाऊन बसत ते अभिप्राय हाती पडेपर्यंत. मंडळाची विद्वत्ता अशी परीक्षकांच्या बायकांनी केलेल्या चहावर टिकून होती.

माझा कापूसबाजारावरचा लेख तीनदा परत आला.

"सर, वाचणार कोण हे?" मी वैतागून विचारलं.

"कोणी वाचत नाई म्हणून चुकीचं छापाचं का?"

पुढे गिरडच्या कवडू मास्तरांचा लेख आला. निवृत्त प्राथमिक शिक्षक. टेकडीवरच्या दर्ग्याच्या आठवणी त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून गोळा केल्या होत्या. दोन्ही परीक्षकांनी होकार दिला. सरांनी मात्र एका तळटीपेसाठी लेख दीड वर्ष अडवला. एक आठवण नेमकी कोणी सांगितली, ते नाव त्यात नव्हतं. मास्तरांनी कोणाकडून तरी कार्ड लिहवून घेतलं: 'आता मले दिसत नाई. हाय तसा छापा.' सरांनी स्मरणपत्र धाडलं. त्याचं उत्तर मास्तरांच्या जावयाकडून आलं. मास्तर वारले होते.

पुढचा अंक महिन्याभरात निघाला. पहिलाच लेख मास्तरांचा, ती तळटीप कोरी. अंक पोस्टानेही गेला असता, पण सर मला घेऊन एसटीने गिरडला निघाले.

मास्तरांच्या बायकोला वाचता येत नव्हतं. ओसरीत बसून सरांनी अख्खा लेख तळटीपांसकट वाचून दाखवला.

"याच्यात त्याहीचं नाव कुठी हाय?" बाईंनी विचारलं.

सरांनी बोट ठेवून दाखवलं.

"मंग एवढा उशीर काऊन लागला?"

मला वाटलं, आता सर परीक्षणाची पद्धत समजावून सांगतील.

"माझ्यामुळं, बाई," ते म्हणाले.

बाईंनी त्या नावावरून बोट फिरवलं. मग त्यांनी अंक सरांपुढे सरकवला.

"आणखी एकदा वाचा."

सरांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. परतीच्या बसची वेळ झाली होती. मी हातातली पिशवी खाली ठेवली.