नवीन पाहिली, जुनीच बरी!

"वेलमारबद्दल पुण्यात कुणालाही काही शंका असली, तर त्यानं थेट माझ्याकडे यावं!" असं धम्मदीप ओव्हाळ छातीठोकपणे सांगत. आता वेलमारबद्दल पुण्यात कुणाला शंका असण्याचं काही कारण नव्हतं. ही परदेशी, आलिशान गाडी शहरात होतीच मुळी बोटांवर मोजण्याइतकी. पण ज्यांच्याकडे होती, त्यांनी 'वेलमार प्रेमी, पुणे' असा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता आणि धम्मदीप त्याचे ॲडमिन होते. पाटबंधारे खात्यातल्या साहेबाच्या खुर्चीत त्यांचा जेवढा दरारा नव्हता, तेवढा या ग्रुपवर होता.

त्यांची स्वतःची वेलमार जुन्या घडणीची. गडद निळी, एका डॉक्टरांनी वापरून विकलेली. बिबवेवाडीतल्या सोसायटीत ती स्कूटरींच्या गर्दीत उभी असली, की भाजीच्या रांगेत कुणी पैठणी नेसून आल्यासारखं वाटे! सुट्टीच्या दिवशी धम्मदीप तिला मऊ फडक्यानं पुसत बसत आणि वरून गॅलरीतून त्यांच्या पत्नी रतनताई विचारत, "अहो, तिचं झालं असेल तर मिक्सर पुसायला याल का? तोही डॉक्टरांचा आहे असं समजा."

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. ही वेलमारप्रेमी मंडळी आपल्या गाडीला कधी 'गाडी' म्हणत नसत. गाडी म्हणजे इतरांची. वेलमार म्हणजे 'ती'!

आणि अशा या 'ती'चं रूप कंपनीनं यंदा साफ पालटून टाकलं! नव्या गाडीचे फोटो आले तेव्हा ग्रुपवर शोकसभाच भरली. अर्धे म्हणाले, काळाबरोबर बदलायला हवं. अर्धे म्हणाले, तोंड बघितलंत का? या वादात न पडता एका सभासदानं नवीन विकतच आणली. ते म्हणजे हिंमतराव, मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे व्यापारी.

शनिवारी संध्याकाळी धम्मदीप ती पाहून आले. हिंमतरावांचा चहा प्यायले, "मस्त!" म्हणाले आणि घरी येऊन रात्रभर कुशी बदलत राहिले. खरं म्हणजे त्या दिवशी त्यांनी सुखानं झोपायला हवं होतं. कारण सकाळीच सगळे विश्रांतवाडीला पूर्वाच्या घरी जाऊन आले होते. त्यांचा मुलगा रोहन आणि पूर्वा यांनी एकमेकांना कधीच पसंत केलं होतं, घरच्यांनी भेटायचं तेवढं बाकी होतं. रोहनचं याआधी नाशिकच्या एका मुलीशी बोलणं चालू होतं, ते काही जमलं नाही. हेही धम्मदीपनी पूर्वाच्या वडिलांना मोकळेपणानं सांगून टाकलं. वडील म्हणजे भीमराव, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. बोलायचे कमी, पण जे बोलतील ते शिक्का मारल्यासारखं! त्यांनी मान हलवली, पूर्वाच्या आईनं पुन्हा पोहे वाढले, पूर्वाच्या कांताआजी तोंडभर हसल्या आणि पुढच्या रविवारी साखरपुडा ठरला. निघता निघता रोहननं 'रोहन-पूर्वा मंगल परिणय' असा ग्रुप काढून दोन्ही घरांना त्यात घातलं.

रविवारी पहाटेच रोहन मित्रांबरोबर राजगडावर गेला. धम्मदीप चहाचा कप घेऊन गॅलरीत बसले आणि रात्रभर मनात साठलेलं सगळं त्यांनी फोनमध्ये ओतलं.

"मंडळी, नवीन पाहिली काल. खरं सांगू? झोप लागली नाही मला! अहो, काय ते तोंड! केवढं ते तोंड! नुसता जबडा! त्यात ते चकचकीत दात! समोरून येताना पाहिली तर वाटलं, चावते की काय! अंगानं अशी सुटली आहे, की आमच्या गल्लीत वळायची नाही! आणि मागे काय दिवे लावलेत! या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवेच दिवे! छे, छे! जुनी ती जुनीच. काय तिची ठेवण, काय तो घरंदाजपणा! नुसतं बोट लावलं तरी कशी गोड गुरगुरते! माझं स्पष्ट मत आहे, नवीन परत पाठवावी आणि जुनीच चालू ठेवावी. चला, मी आंघोळीला जातो."

बटण सोडलं, संदेश गेला आणि धम्मदीप शीळ घालत आंघोळीला गेले. कौतुकाचे अंगठे मोजायला म्हणून ते टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तर दारात रतनताई फोन घेऊन उभ्या!

"अहो, हे तुम्ही काय पाठवलंत?"

"ऐकलंस? कसं वाटलं?"

"मी ऐकलं. भीमरावांनी पण ऐकलं. त्यांच्या सगळ्या घरानं ऐकलं!"

धम्मदीपनी फोन हातात घेतला. वर नाव होतं 'रोहन-पूर्वा मंगल परिणय'! त्यांच्या अंगावरचं पाणी जागच्या जागी वाळलं.

"पूस! पूस लवकर!" ते स्वतःलाच म्हणाले आणि घाईघाईत बटण दाबलं. फोननं नम्रपणे कळवलं, की संदेश फक्त त्यांच्यापुरता पुसण्यात आला आहे. म्हणजे आता तो जगात सगळ्यांना ऐकता येत होता, धम्मदीप सोडून!

खाली भीमरावांचं उत्तर आलेलं होतं. "आपले स्पष्ट मत कळले. आभारी आहोत." त्याखाली, पूर्वाच्या आई ग्रुपमधून बाहेर पडल्या. त्याखाली, कांताआजी ग्रुपमधून बाहेर पडल्या. काल आत यायला त्यांना रोहनची मदत लागली होती. बाहेर पडायला कुणाचीच लागली नाही!

भीमराव फोन उचलेनात. पूर्वा उचलेना. राजगडावर रोहनला रेंज नव्हती, आणि ते एक बरंच होतं.

"चला, उठा," रतनताई साडी बदलून बाहेर आल्या. "समोर जाऊन पाय धरायचे असतील तर धरा. पण संध्याकाळी पोरगा घरी येईल, त्याच्या आत हे निस्तरलं पाहिजे. त्याला काय सांगणार आहात? बाबांना तुझी बायको चावेल असं वाटलं म्हणून?"

आणि ते निघाले. अर्थातच जुन्या वेलमारमधून. जिची ठेवण, जिचा घरंदाजपणा, ती! मार्केट यार्डाच्या फाटकापर्यंत ती राणीसारखी आली, रविवारच्या भाजीच्या तोबा गर्दीत शिरली, एक उचकी दिली आणि ऐन रस्त्यात गप्प झाली.

धम्मदीपनी बोट लावलं. गुरगुर नाही. पुन्हा लावलं. नाही म्हणजे नाही! मागे कोथिंबिरीचा टेम्पो, त्याच्या मागे पीएमपीची बस, आणि सगळ्यांचे हॉर्न!

"ओ साहेब, प्रदर्शन भरवलंय का?" टेम्पोवाला ओरडला. "तिकीट कुठं मिळतं?"

दोन हमाल पाट्या खाली ठेवून मदतीला आले. "हायला, एवढी भारी गाडी अन् ढकलाय लागती व्हय!" असं म्हणत त्यांनी ती कडेला लावली. रतनताई खाली उतरल्या आणि रिक्षांना हात करू लागल्या. रिक्षा थांबेनात, ज्या थांबल्या त्यांना विश्रांतवाडी नको होतं. शेवटी धम्मदीपनी ज्यांना फोन करायची सगळ्यांत जास्त लाज वाटत होती, त्यांनाच केला.

हिंमतराव गाळ्यावरून तडक आले. नवीन वेलमार घेऊन! तोंड, दात, सगळं घेऊन ती गर्दीतून वाट काढत आली आणि धम्मदीपना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की याहून सुंदर काही आपण पाहिलेलं नाही.

"बसा वहिनी, निवांत बसा. तिच्यापाशी आमच्या गाळ्यावरचा संभाजी थांबल, फिटरला बोलवंल. तुम्ही काळजीच करू नका," हिंमतराव म्हणाले.

आत गारवा होता. सीटनं धम्मदीपची पाठ आपण होऊन चेपायला घेतली. या प्रेमानं त्यांना अधिकच अपराधी वाटू लागलं.

"एवढी कसली घाई, साहेब?"

"मुलाच्या सासुरवाडीला जायचंय. जरा गैरसमज झालाय."

"कशावरून?"

"एक... वर्णन होतं."

हिंमतराव म्हणाले, "बरं, ग्रुपवर तुम्ही काही टाकलं न्हाई. नवीन कशी वाटली त्याचं. मी सकाळपासून बघतोय."

"टाकलं होतं," धम्मदीप खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "पोचलं दुसरीकडे."

मागे रतनताईंना ठसका लागला.

विश्रांतवाडीत भीमरावांच्या घरासमोर गाडी उभी राहिली तेव्हा गल्ली भरून गेली. धम्मदीप आणि रतनताई पहिल्या मजल्यावर गेले. भीमरावांनी दार उघडलं.

"जय भीम," धम्मदीप म्हणाले.

"जय भीम. या. परत पाठवायला स्वतः आलात?"

आत कांताआजी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. "नुकतीच कवळी बसवलीय मी," त्या पदराआडून म्हणाल्या. "चकचकीत म्हणे! काढूनच ठेवते आता." पूर्वाच्या आई दाराशी उभ्या होत्या. "आम्ही अंगानं सुटलोय. गल्लीत वळणार नाही. तेव्हा येत नाही तुमच्याकडे." आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पूर्वा. काल किती बोलत होती! आज डोळे लाल.

"अहो, तुमचा गैरसमज होतोय," धम्मदीप घाईनं म्हणाले. "ते तुमच्याबद्दल नव्हतंच! ते..." आणि त्यांची नजर मागे गेली. रतनताईंनी गाडीत विसरलेला पेढ्यांचा पुडा घेऊन हिंमतराव दारात येऊन उभे होते! ज्या माणसानं भर गर्दीतून उचलून इथवर आणलं, तो माणूस!

"ते काय?" भीमराव म्हणाले.

"ते... एका वस्तूबद्दल होतं."

"कसली वस्तू?"

"परदेशी."

"परदेशी जबडा?" भीमरावांनी फोन काढला आणि सगळा संदेश मोठ्या आवाजात लावला. खोलीत धम्मदीपचाच आवाज घुमू लागला. "मागे काय दिवे लावलेत!" इथं भीमरावांनी तो थांबवला. "पूर्वाचं कॉलेजात एक वर्ष वाया गेलं होतं. तिला आजारपण होतं. ते मी काल तुम्हाला आपण होऊन सांगितलं. त्यावर हे? मागे दिवे लावलेत?"

पूर्वा आत वळली. धम्मदीपनी तिची पाठ पाहिली आणि त्यांच्या मनातला हिशेब एका क्षणात मिटला.

"हिंमतराव, मला माफ करा," ते म्हणाले. "भीमराव, खिडकीत या. पूर्वा, बेटा, तू पण ये. सगळे या!"

सगळे खिडकीत आले. खाली नवीन वेलमार उन्हात उभी होती.

"हे तोंड. हा जबडा. हे दात. ही गल्लीत न वळणारी. आणि हे मागचे दिवे, या टोकापासून त्या टोकापर्यंत! आमची जुनी हिचीच थोरली बहीण. ती आत्ता मार्केट यार्डात बंद पडली आहे. हिंमतरावांनी ही नवी आणली नसती, तर मी इथवर पोचलोही नसतो!"

कांताआजींनी बाहेर वाकून नीट पाहिलं. पदर हळूच खाली आला. "अगं बाई, खरंच की! दात बघ गं हिचे! माझे तरी मापाचे आहेत!"

पूर्वा फस्सकन हसली. डोळे पुसत हसली. "बाबा, मी सकाळपासून विचार करतेय, मी गुरगुरत नाही म्हणून यांना वाईट का वाटलं असेल!" तिच्या आईनं तोंडावर हात धरला. एकटे भीमराव हसले नाहीत. आणि हिंमतराव.

हिंमतराव पुडा हातात धरून तसेच उभे होते. "काल चहा पिताना मस्त म्हणालात," ते म्हणाले.

"म्हणालो."

"अन् घरी जाऊन जबडा."

"म्हणालो. चुकलं माझं."

हिंमतरावांनी खिशातून किल्ली काढली, खाली रोखली आणि बटण दाबलं. गाडीचे मागचे दिवे या टोकापासून त्या टोकापर्यंत लखलखले. "मग नीट बघा तरी सगळे! उगं अर्धवट कशाला?" आणि ते गडगडाटी हसले. "अहो साहेब, आमच्या मालकीणबाई हिला पहिल्या दिवसापास्नं मगर म्हणतात! आज तुम्ही माझी भीड धरली असती, तर पोरीचं लगीन मोडलं असतं. गाडीचं काय, तिला कुठं ऐकू येतंय?"

धम्मदीपनी हिंमतरावांचे दोन्ही हात पुड्यासकट घट्ट धरून ठेवले. शेवटी रतनताईंनी पुडा सोडवून घेतला, म्हणून निदान काही पेढे शाबूत राहिले.

पुन्हा पोहे झाले. संभाजीचा फोन आला, की बॅटरीची वायर सुटली होती, जुनी चालू झाली. साखरपुडा ठरल्या दिवशीच करायचा ठरला. आणि कांताआजींनी जाहीर केलं, की त्यांना त्या मगरीतून एक चक्कर मारायची आहे. हिंमतरावांनी दार उघडून धरलं. आजी, पूर्वा, तिची आई, रतनताई, सगळ्याजणी बसल्या. आतून एकच कल्ला ऐकू आला, "अगं, ही पाठ चेपते!" आणि गाडी निघाली. गल्लीतून अगदी अलगद वळली.

खाली रस्त्यावर दोघे व्याही राहिले. भीमराव बराच वेळ गाडीच्या दिशेनं पाहत होते.

"ओव्हाळसाहेब, एक विचारू?"

"विचारा ना."

"एवढे पैसे देऊन ही कुणी आपण होऊन घेतं?"

एरवी धम्मदीपनी या प्रश्नावर तासभर व्याख्यान दिलं असतं. पण त्यांचं मन भरून आलं होतं.

"असं नका म्हणू, भीमराव," ते कळवळून म्हणाले. "दिसायला जरा डावी आहे, कबूल. पण स्वभावानं फार चांगली आहे हो!"

"तुम्ही तर स्थळ सांगून आल्यासारखं बोलताय," भीमराव म्हणाले, आणि त्या सकाळी पहिल्यांदा हसले.