पारोळ्याची बट्टी आणि धुळ्याचा हार

खानदेशात माझ्याइतका लांब पल्ल्याचा धावणारा दुसरा दाखवा, मी मिशी उतरवून देतो. (मिशी उतरवूनच लिहायला बसलोय, हे आधीच सांगून टाकतो.)

सत्त्याऐंशी सालचा जानेवारी. जळगावच्या एका व्यायामशाळेनं जळगाव ते धुळे धावायची शर्यत काढली. नव्वद किलोमीटर. पहाटे चारला सुटायचं, संध्याकाळी सहाच्या आत पोचायचं. माझं वय चोपन्न. मी आपला बघ्याच राहिलो असतो, पण नेमके त्याच आठवड्यात धुळ्याचे आमचे व्याही मोतीलालभाऊ जेवायला आले आणि घरातल्या अर्ध्याच रंगवलेल्या भिंतीकडे बघून म्हणाले, "पितांबरभाऊ, तुम्ही आयुष्यात काही शेवटाला नेलंय का?"

खोटं नव्हतं. शाळा चौथीत सोडली, बाजाची पेटी तीन सुरांवर, भिंत खिडकीपर्यंत. पण हे ऐकून आमची बायको द्रौपदाबाई हसली. मी दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला.

"धुळ्याला धावत पोचलात," व्याही म्हणाले, "तर भर चौकात हार घालीन."

"अन् मी ओवाळीन," द्रौपदाबाई म्हणाली. "भिंतीचं नाव पुन्हा काढणार नाही."

रोज पहाटे धोतराचा काचा मारून मी नशिराबादच्या रस्त्याला लागलो. आमच्याकडे पन्नाशीचा माणूस हायवेनं पळताना दिसला की एक तर त्याची बस चुकलेली असते, नाहीतर कुणीतरी वारलेलं असतं. दूधवाले सायकलवर डबलसीट घ्यायला थांबायचे. एका एस.टी.नं तर ब्रेकच मारला.

"कोण गेलं हो नाना?" कंडक्टरनं विचारलं.

"अजून कोणी नाही," मी म्हटलं, "पण असंच चाललं तर मीच."

आठ दिवसांत पंधरा जण तोंडं पाडून घरी आले आणि चहा पिऊन गेले.

खाण्याचंही शास्त्र असतं. डॉक्टर म्हणाले, लांब पळायचं तर दर तासाला थोडं थोडं खात राहा. त्यातलं 'थोडं' माझ्या डोक्यात शिरलं नाही, 'खात राहा' पक्कं बसलं. पहिल्या दिवशी सावद्याची डझनभर केळी खाऊन निघालो. पोटात केळीचा ट्रक भरलेला आणि मी नुसता क्लीनर. पहिल्या निंबाखालीच गाडी बंद. मग शहाणपण आलं. तासाला दोन केळी, मूठभर गूळ-दाणे, मीठ-साखरेचं पाणी. काय सांगू, महिनाअखेर चाळीस किलोमीटर पळून आलो तरी पाय म्हणायचे, अजून चला.

आता शर्यतीच्या वाटेत केळी हातात द्यायला माणूस हवा. पारोळ्याला माझी सासरवाडी. तिथं पोस्टकार्ड टाकलं : 'रविवारी दुपारी बाराला धावत येत आहे. रस्त्यावर दोन केळी घेऊन उभे राहावे. थांबणार नाही.'

इथंच घात झाला. कारण आदल्या वर्षी मी त्यांना असंच कार्ड टाकलं होतं, की कलेक्टरसाहेब माझ्यासोबत जेवायला येताहेत. त्यांनी साठ बट्ट्या भाजल्या आणि बसमधून मी एकटाच उतरलो होतो.

शर्यतीत सतरा जण. एरंडोलला मी सहावा. पारोळ्याच्या वेशीत चौथा! छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. समोर माझा शालक सुपडू उभा. त्यानं केळी काही आणली नव्हती, माझा दंडच धरला.

"सुपडू, सोड. शर्यत आहे. मी चौथा आहे."

"हो ना. अन् पाचवे कलेक्टरसाहेब, मागून येताहेत."

घरी पाट मांडलेला, भोवती रांगोळी. सुपडूच्या बायकोनं माझे कॅनव्हासचे बूट कोठीच्या खोलीत टाकून कुलूप लावलं. सासूबाई नर्मदाबाईंनी तोंड पुसून दिलं, कपाळाला कुंकू लावलं, वर अक्षता, टॉवेल-टोपी दिली.

"आत्याबाई, खरंच शर्यत शे," मी त्यांच्याच बोलीत हात जोडले.

"शे ना," त्या म्हणाल्या. "आते बट्टी खावानी शर्यत शे. जवाई उपाशी गया त मन्हं तोंड गावले कसं दाखाडू?"

पहिली बट्टी मी नाही म्हणत खाल्ली. दुसरीवर तूप जास्त होतं, म्हणून वाया जाऊ दिली नाही. पाचव्या बट्टीला माझा विरोध संपला. वरण मागूनच घेतलं. पाच मिनिटं पाठ टेकतो म्हटलं आणि जाग आली तेव्हा घड्याळात साडेतीन. धुळं छत्तीस किलोमीटर.

कोठीतून बूट सोडवून घेतले आणि एस.टी. पकडली. (दुसरं काय करणार होतो?) वाटेत शर्यतीतले गडी धावताना दिसले की मी सीटखाली वाकायचो. धुळ्याच्या अलीकडे उतरलो, हातपंपावर सदरा भिजवला, मानेवर पाणी मारलं आणि पळत सुटलो.

चौकात ही गर्दी! टाळ्या, शिट्ट्या, "नाना आले, नाना आले." पोटातल्या बट्ट्या उड्या मारत होत्या, पण मी असा धावलो की नव्वद किलोमीटर आल्याचं माझं मलाच खरं वाटायला लागलं. मोतीलालभाऊंचे डोळे भरून आले. त्यांनी हार उचलला. द्रौपदाबाई ताट घेऊन पुढं आली, कुंकवाचं बोट माझ्या कपाळाशी नेलं आणि तिथंच थांबली.

"भाऊ, हार थांबवा," ती म्हणाली. "यांचा सदरा ओलाचिंब, अन् माझ्या आईनं लावलेले तांदूळ कपाळावर कोरडेच्या कोरडे. पारोळ्याची गाडी अजून स्टँडवर असेल, तेवढ्यात जाऊन ड्रायव्हरच्या गळ्यात घालून या."