चिखलदऱ्याचा प्रश्न

"सगळे मुघल आणि तुघलक," लॅपटॉपमध्ये डोकावत सुखदेव म्हणाला. "आपल्या विदर्भावर एक प्रश्न नाही ह्यात."

शाळेच्या क्विझ टीममध्ये इशिताची निवड झाल्यापासून दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये रोज ही प्रश्नपेढी उघडायची. जुन्या स्पर्धकांनी चालवलेली फुकट वेबसाइट. प्रश्न हजारो, आणि नवा प्रश्न कुणीही घालू शकायचं. स्पर्धांचे आयोजकही त्यातूनच प्रश्न उचलायचे.

"मग तुम्हीच टाका ना, पप्पा," इशिता मान वर न करता म्हणाली. तिला फक्त शांतता हवी होती.

सुखदेवने ते मनावर घेतलं. नोकरीने तो दिल्लीचा झाला असला तरी मनाने परतवाड्याचाच राहिला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मेट्रोत उभ्याउभ्या त्याने मोबाइलवर प्रश्न लिहिला: विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण चिखलदरा कोणत्या डोंगररांगेत आहे? चार पर्याय दिले. बरोबर पर्यायावर टिचकी मारणार, तोच गाडीला ब्रेक लागला, मागच्याची बॅग पाठीत बसली, आणि अंगठा सातपुडा सोडून अरवलीवर पडला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. उलट दिवसभर तो खुशीत होता.

इशिताने तो प्रश्न उघडूनही पाहिला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती परतवाड्याला जायची. चिखलदऱ्याचा घाट चढताना तिला दरवेळी उलटी व्हायची. त्यात अभ्यास काय करायचा?

फायनल नोएडाच्या एका शाळेत होती. जिंकेल त्या टीमला राष्ट्रीय फेरी. इशिता आणि तिचा जोडीदार मानस वर्षभर ना कुणाच्या वाढदिवसाला गेले, ना लग्नाला. दोन्ही टीम बरोबरीत असताना शेवटचा प्रश्न स्क्रीनवर आला.

सुखदेवने बायकोला कोपराने ढोसलं. "नीलम, माझा प्रश्न!"

"गप्प बसा हो."

इशिताने बझर दाबला. "सातपुडा!" ती आधीच हसत होती.

"गलत," क्विझमास्तर म्हणाला.

समोरच्या टीमने ती वेबसाइट कोळून प्यायली होती. "अरवली!"

"बिल्कुल सही!"

टाळ्या पडल्या. तू हे चुकलीस कशी, अशा नजरेने मानस इशिताकडे बघत होता, आणि ती स्क्रीनकडे. सुखदेवला ती सकाळ आठवली. मेट्रो, ब्रेक, अंगठा. नीलमने शर्ट ओढला तरी तो उभा राहिला.

"सर, जवाब गलत है. चिखलदरा सातपुडा में है."

"सोर्स?"

"सोर्स ही गलत है, सर. वो सवाल मैंने डाला था. हाथ फिसल गया."

परीक्षक बाईंनी चष्मा सारखा केला. "आपने डाला था? यहाँ आपका कौन है?"

"बेटी," सुखदेवने बोट दाखवलं. तेवढं सांगताना त्याला अभिमानच वाटला.

परीक्षकांची डोकी एकत्र आली. स्पर्धकाच्या घरच्यांनी बनवलेला प्रश्न म्हणजे सरळ नियमभंग. इशिताची टीम हरली नाही, बाद झाली. हातातला दुसरा नंबरही गेला. मानसच्या वडिलांनी आयुष्यात कुठल्याही वेबसाइटवर काही टाकलं नव्हतं. ते खुर्चीत बसून सुखदेवकडे नुसते बघत राहिले.

टॅक्सी घराजवळ आल्यावर इशिता एवढंच म्हणाली, "सेकंड तरी होतो, पप्पा."

घरी पोचताच सुखदेवने वेबसाइटला दुरुस्ती कळवली. काही दिवसांनी उत्तर आलं: 'हा प्रश्न अंतिम फेरीत विचारला गेला असून त्याचं उत्तर तिथे ग्राह्य धरलं गेलं आहे. बदल करता येणार नाही.' शेजारी 'पडताळलेलं' अशी हिरवी खूणही लागली होती.

हे पोरीला कसं सांगावं, असा विचार करत तो तिच्या खोलीपाशी गेला. आतून पाठांतराचा आवाज येत होता.

"चिखलदरा, अरवली. चिखलदरा, अरवली."

"बेटा, सातपुडा," तो दारातूनच हळू म्हणाला.

"माहितीये मला." इशिताने वर पाहिलं नाही. "पण पुढच्या वर्षी परत हाच आला, तर सातपुडा म्हणून पुन्हा हरू का?"